शाळेची घंटा आणि ख्रिस्तसभेचे ऋतू

अभ्यासासाठी शास्त्रपाठ : निर्गम १२:२१-२७, यहोशवा ४:१-७, मत्तय ६:१-१८, मत्तय १८:१-५



इस्राएल लोक मिसर देश सोडून निघाले, त्या रात्रीचा वृत्तांत आपण अनेकदा वाचला आहे. कोकराचे रक्त, दाराची चौकट, बेखमीर भाकर, कंबर बांधून उभ्याने घेतलेले भोजन हे सारे आपल्या परिचयाचे आहे. परंतु त्याच अध्यायात एक लहानशी गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वल्हांडणाचा विधी पिढ्यान्पिढ्या पाळावा असे सांगताना मोशे वडीलधाऱ्यांना बजावतो की, पुढे तुमची मुले तुम्हांला या विधीचा अर्थ विचारतील आणि तेव्हा त्यांना तुम्ही उत्तर दिले पाहिजे. यहोशवाच्या पुस्तकातही असेच घडते. यार्देन नदीच्या पात्रातून बारा दगड उचलून आणण्याचे कारण सांगताना पुन्हा मुलांचाच उल्लेख येतो. हे दगड येथे का, असे ती विचारतील आणि वडिलांनी ते सांगावे.

म्हणजे सण आणि ऋतू नेमून देताना देवाने मुलाचा प्रश्न गृहीत धरला आहे. यहुदी कुटुंबांत आजही वल्हांडणाच्या भोजनाच्या वेळी घरातील सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारण्याची प्रथा आहे. धर्मविधी पाहून लहान मुलाने काही विचारू नये, त्याने मुकाट्याने हात जोडावेत, ही समजूत आपण कोठून आणली कोण जाणे. पवित्र शास्त्रात तरी ती आढळत नाही.

हा विचार मनाशी धरून आज आपल्याला कॅथॉलिक प्राथमिक शाळेच्या जीवनाकडे पाहावयाचे आहे. आपण मुंबई-वसईत राहत असा की नागपुरात, बेळगावात, इंदुरात वा दिल्लीत. आपल्यापैकी कितीतरी जणांचे बालपण अशा शाळेत गेले आहे आणि पुष्कळांची मुले-नातवंडे आज तेथे शिकत आहेत. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थानाचा सण हे उपासनेचे ऋतू त्या शाळांतून दरवर्षी पाळले जातात. ते कशा रीतीने पाळले असता मुलाच्या मनात प्रश्न उभा राहतो, आणि प्रश्न उभा राहिलाच तर आपल्यापाशी खरे उत्तर असते काय, एवढेच या पाठात तपासू या.

१. एका भिंतीवर दोन दिनदर्शिका

प्राथमिक शाळेच्या कार्यालयात दोन दिनदर्शिका टांगलेल्या असतात असे समजा. एक शाळेची. महाराष्ट्रात ती जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या सुमारास सुरू होते. दिवाळीच्या सुटीनंतर दुसरे सत्र भरते आणि एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेने वर्ष संपते. दुसरी ख्रिस्तसभेची. ती आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान उघडते आणि वर्षभराने ख्रिस्तराजाच्या सणाच्या आठवड्याबरोबर मिटते. एकीचे वर्ष दुसरीच्या मध्यावर सुरू होते. म्हणून शाळेतील शिक्षकाला ख्रिस्तसभेचे वर्ष नेहमी अर्ध्यावर पकडावे लागते.

यातून एक सुंदर योग जुळून येतो. जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजते, तेव्हा पेंटेकॉस्टचा सण होऊन गेलेला असतो आणि उपासनेतील सामान्य काळ पुन्हा सुरू झालेला असतो. वेदीवर धर्मगुरूंचा झगा हिरवा, आणि बाहेर शेतात नुकतीच पेरलेली रोपेही हिरवी. वर्षातील तेहतीस-चौतीस आठवडे हाच सामान्य काळ असतो. त्यात मोठे सण थोडे, रोषणाई थोडी. मूल ज्या शाळेत वाढते, तीही बहुतांशी अशाच साध्या दिवसांची बनलेली असते. परिपाठ, हजेरी, पाढे, मधली सुटी, बाकावरील जागेवरून होणारी भांडणे आणि शाळा सुटल्याची घंटा, हे तिचे नित्याचे जीवन.

येथेच पहिला धडा आहे. शाळेचे सामूहिक जीवन या हिरव्या काळात घडते. ज्या मुलाचा डबा रिकामा आहे, त्याच्यापाशी मधल्या सुटीत कोण बसते? तोतरे बोलणाऱ्या मुलाचे वाचन पुरे होईपर्यंत वर्ग थांबतो काय? वर्ग झाडणाऱ्या मावशींना मुले कोणत्या शब्दांत हाक मारतात, आणि शिक्षक कोणत्या? जूनपासून नोव्हेंबरपर्यंत या प्रश्नांची जी उत्तरे वर्तनातून दिली गेली असतील, त्यांवर डिसेंबरमधील नाताळाचे गीत खरे ठरते किंवा खोटे.

२. आगमनकाळ : वाट पाहण्याचा अभ्यास

आगमनकाळात अनेक ख्रिस्तमंदिरांत आणि शाळांत चार मेणबत्त्यांचे हिरवे चक्र ठेवतात. आपल्याकडे किनारपट्टीवर त्यासाठी सुरूच्या फांद्या वापरतात. दर रविवारी एक मेणबत्ती अधिक पेटते. तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, अशी प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे.

या चक्राचा उगम फार थोड्यांना ठाऊक असतो. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्रिख विखर्न नावाचे एक प्रॉटेस्टंट पाळक होते. १८३३ साली त्यांनी दरिद्री आणि निराधार मुलांसाठी एक आश्रयगृह उघडले. नाताळ केव्हा येणार, असे तेथील मुले त्यांना सारखी विचारीत. तेव्हा १८३९ साली विखर्न यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या बसविल्या. रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या, आणि मधल्या दिवसांसाठी लहान तांबड्या. रोज एक मेणबत्ती पेटे आणि मुलांना उरलेले दिवस मोजता येत. पुढे ही प्रथा साधी होऊन चार मेणबत्त्यांवर आली आणि कॅथॉलिक ख्रिस्तमंदिरांतही रुजली.

वाचकहो, या इतिहासात दोन गोष्टी मननीय आहेत. पहिली अशी की, आज आपण ज्याला कॅथॉलिक शाळेची शोभा समजतो, ते दान आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंकडून आलेले आहे. दुसरी अधिक महत्त्वाची. हे चक्र मुलांच्या प्रश्नातून जन्मले. गरीब मुलांनी विचारले आणि एका मोठ्या माणसाने त्यांच्या प्रश्नाला मान देऊन उत्तर तयार केले. शब्दांनी समजावता आले नसते, ते त्याने गाडीच्या चाकाने समजावले.

आता आपल्या शाळांकडे पाहू. नाताळाची सुटी लागण्यापूर्वी स्नेहसंमेलन किंवा नाताळाचा कार्यक्रम उरकावा लागतो. त्यामुळे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच गोठा उभा राहतो, त्यात बाळ येशूची मूर्ती ठेवली जाते, आणि आगमनकाळ संपण्यापूर्वीच नाताळ होऊन जातो. वेळापत्रकाची ही अडचण खरी आहे, तिच्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. तथापि एक साधा उपाय करता येतो. कार्यक्रम होऊ द्यावा, गोठाही मांडावा. गव्हाण मात्र रिकामी ठेवावी. मग पहिलीतले एखादे मूल नक्कीच विचारील की, बाळ कोठे आहे? हाच तो मोशेला अपेक्षित असलेला प्रश्न! त्याला सांगावे की, बाळ अजून यायचे आहे; ते येईल तेव्हा तू तुझ्या घरी, तुझ्या माणसांत असशील; तेथे त्याचे स्वागत कर. एवढ्या एका उत्तराने शाळेचा गोठा मुलाच्या घरापर्यंत पोहोचतो.

गोठ्याची परंपरा संत फ्रान्सिस यांच्याकडे जाते. १२२३ सालच्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो या गावी त्यांनी गव्हाण, गवत, बैल आणि गाढव आणवून बेथलेहेमचा देखावा उभा केला. तेथे मूर्ती नव्हत्या. जमलेल्या लोकांनीच तो प्रसंग अनुभवला. तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चो गावी गोठ्याच्या अर्थाविषयीच्या पत्रावर स्वाक्षरी केली आणि या गोष्टीचे स्मरण दिले.

काही शाळांत आणखी एक प्रथा आहे. वर्गाच्या कोपऱ्यात रिकामी गव्हाण ठेवतात आणि शेजारी भाताच्या पेंढ्याच्या काड्या. दिवसभरात कोणासाठी काही चांगले केले असेल, तर मुलाने जाता-जाता एक काडी गव्हाणीत टाकावी. बाळासाठी मऊ अंथरूण तयार व्हावे, एवढाच हेतू. या प्रथेचा मोठा गुण असा की, पेंढ्याच्या काडीवर कोणाचे नाव नसते. कोणती काडी कोणाची, हे संध्याकाळी कोणालाही सांगता येत नाही. हा गुण ध्यानात ठेवावा. पुढील भागात त्याची गरज पडणार आहे.

३. उपवासकाळ : एक चूक आणि तिचा धडा

राखेच्या बुधवारी उपवासकाळ, म्हणजेच प्रायश्चित्तकाळ, सुरू होतो. गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. तेथून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत रविवार वगळता चाळीस दिवस. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही या काळाची तीन अंगे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितली आहेत, आणि तिन्हींच्या बाबतीत एकच सावधगिरी दिली आहे. ती लोकांना दाखविण्यासाठी करू नयेत.

प्राथमिक शाळेतील मुलांना ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे उपवास बंधनकारक नाही, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १२५२ व्या कलमाप्रमाणे मांसवर्ज्याचा नियम चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होतो आणि उपवासाचा नियम अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर. मात्र त्याच कलमात पुढे असेही सांगितले आहे की, ज्या लहानांना हे नियम लागू नाहीत, त्यांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकविण्याची काळजी धर्मगुरूंनी व पालकांनी घ्यावी. म्हणजे मुलांवर बंधन नाही, आणि मोठ्यांवर मात्र आहे. मुलाने त्या काळात जे काही करावयाचे, ते मुक्त मनाने. आणि मोठ्यांनी करावयाचे ते शिक्षणाचे काम.

हे मी आज लिहिते आहे खरे, परंतु तरुणपणी मला ते उमगले नव्हते. ती हकीकत येथे सांगणे मला कर्तव्य वाटते.

मी त्या वेळी एका प्राथमिक शाळेत इयत्ता तिसरीची वर्गशिक्षिका होते. उपवासकाळात प्रत्येक वर्गात त्यागाची पेटी ठेवण्याची पद्धत होती. मुलांनी गोळ्या-चिक्कीचे पैसे वाचवून दर शुक्रवारी पेटीत टाकावेत, आणि ती रक्कम गरिबांसाठी पाठवावी, असा तिचा हेतू. हेतूत काहीच वावगे नव्हते. परंतु मुलांना हुरूप यावा म्हणून मी फळ्याच्या कोपऱ्यात बाकांच्या तीन रांगांसाठी तीन रकाने आखले. शुक्रवारी ज्या रांगेचे पैसे अधिक भरतील, तिला एक-एक पवित्र चित्र बक्षीस. रक्कम भराभर वाढली. मुख्याध्यापिका सिस्टरांनी परिपाठात माझ्या वर्गाचे कौतुक केले, आणि मलाही त्याचा आनंद झाला.

चौथ्या आठवड्यात हजेरीपुस्तक तपासताना माझ्या ध्यानात आले की, मधल्या रांगेतील एक मुलगी सोमवार ते गुरुवार न चुकता येते आणि शुक्रवारी गैरहजर असते. चारही शुक्रवारी! शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तिची आई अंगणात भांडी घाशीत होती. तिने मला बसायला पाट दिला.

“शुक्रवारी तिचं पोट दुखतं, बाई,” ती म्हणाली. मग थोडा वेळ गप्प राहून, माझ्याकडे न पाहता तिने पुढे सांगितले, “खरं सांगू का? दर शुक्रवारी पैसे आणायचे कुठून? हिच्यामुळं रांग मागं पडली म्हणून पोरी हिला बोलल्या. तेव्हापासून जातच नाही. तुम्ही रागावू नका तिला.”

रागवायचे कोणाला होते? ती माउली माझी क्षमा मागत होती, आणि अपराध माझा होता. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू देऊ नये, असे शिकविणाऱ्या प्रभूच्या नावाने मी दानाचा हिशेब खडूने फळ्यावर मांडला होता. विधवेच्या दोन टोल्यांचे मोल जाणणाऱ्या प्रभूच्या नावाने मी रांगांची बेरीज केली होती.

दुसऱ्या दिवशी मी मुलांसमोर ते रकाने पुसून टाकले आणि, माझी चूक झाली, असे त्यांना सांगितले. पेटी टेबलावरून उचलून दाराशी, येता-जाता हात पोहोचेल अशी ठेवली. कोणी केव्हा काय टाकले, हे विचारायचे नाही, असे ठरले. पुढच्या शुक्रवारी ती मुलगी आली. मधल्या सुटीत माझ्या टेबलापाशी उभी राहून तिने हळूच विचारले, “बाई, पैशाशिवाय दुसरं काही टाकलं तर चालतं?”

वाचकहो, एवढी वर्षे मी धर्मशिक्षणाचा तास घेत होते. परंतु उपवासकाळाचा अर्थ त्या प्रश्नापूर्वी मला कोणी विचारला नव्हता. चालतं, असे मी म्हणाले खरे. पण काय चालते, याचा विचार मला त्या रात्री करावा लागला. दुसऱ्या दिवसापासून पेटीशेजारी मी कोऱ्या कागदाचे तुकडे ठेवले. कोणासाठी काही सोडले असेल, सोसले असेल, कोणाला क्षमा केली असेल, तर चिठ्ठी लिहून, किंवा न लिहिताच घडी घालून, पेटीत टाकावी. पवित्र आठवड्यापूर्वी पेटी उघडली, तेव्हा नाण्यांपेक्षा चिठ्ठ्या अधिक निघाल्या. त्या मी वाचल्या नाहीत. तसे मुलांना वचन दिले होते. पुढील वर्षी राखेच्या बुधवारापूर्वी जुन्या झावळ्या जाळल्या, तेव्हा त्याच विस्तवात त्या चिठ्ठ्याही घातल्या. त्यांचा हिशेब ज्याच्यापाशी असावयाचा, त्याच्यापाशी आहे.

दानपेटीच ठेवू नये, असा याचा अर्थ नव्हे. मुलांनी मुलांसाठी द्यावे, ही कल्पना ख्रिस्तसभेत जुनी आणि सन्माननीय आहे. फ्रान्समधील नान्सी येथील बिशप शार्ल द फोर्बें-जान्सों यांनी १८४३ साली पवित्र बाल्याची संस्था स्थापन केली, ती याच विचारावर. मुलांनी दूरदेशींच्या मुलांसाठी प्रार्थना करावी आणि एक लहानसे नाणे द्यावे, अशी तिची योजना. १९२२ साली तिला पोपमहोदयांच्या संस्थेचा दर्जा मिळाला. प्रार्थना आधी आणि नाणे मागून, आणि तेही लहानसे, हा क्रम मात्र आपण विसरता कामा नये.

४. वर्गातील सर्व मुले

आपल्या देशातील कॅथॉलिक शाळांत शिकणारी पुष्कळ मुले अन्य धर्मीय असतात. मग आगमनकाळ आणि उपवासकाळ कोणाचे? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

भारतीय संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करून चालविण्याचा हक्क दिला आहे. त्याच संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाप्रमाणे, शासनमान्य किंवा शासकीय साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून, आणि तो लहान असल्यास पालकांच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण वा उपासना यांत भाग घ्यावयास लावता येत नाही. हे बंधन आपण नाइलाजाने पाळावयाचे नाही. ते आपल्या श्रद्धेशी सुसंगतच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे घोषणापत्र २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केले. अन्य धर्मांशी ख्रिस्तसभेचे नाते सांगणारे घोषणापत्रही त्याच दिवशीचे आहे. शाळा आणि शेजारी यांचा विचार ख्रिस्तसभेने एकाच दिवशी मांडावा, हा योग भारतातील शाळांनी तरी विसरू नये. १९८८ साली रोमच्या शिक्षणविषयक मंडळाने श्रद्धासंस्कार आणि धर्मविषयक ज्ञान या दोन गोष्टींतील भेद स्पष्ट केला. पहिला श्रद्धावंतांसाठी, दुसरे सर्वांना देता येण्यासारखे. २०२४ साली भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेच्या शिक्षणविभागानेही शाळांना मार्गदर्शक सूचना देताना, अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, असे सांगितले.

प्रत्यक्ष वर्गात हे कसे दिसते? उपवासाविषयी बोलताना शिक्षकाने मुलांना विचारून पाहावे. एखादे मूल सांगेल की, माझी आजी आषाढी एकादशी करते. दुसरे सांगेल की, माझा मोठा भाऊ रमजानचे रोजे ठेवतो. कॅथॉलिक मुलाला प्रथमच कळेल की, देवासाठी भूक सोसणारे आपण एकटेच नाही. कोणाचा उपवास कडक, अशी तुलना तेथे होऊ देऊ नये, आणि सर्व उपवासांचा अर्थ एकच, असे सांगून त्यांतील भेदही पुसू नये. प्रभूच्या चाळीस दिवसांची गोष्ट कॅथॉलिक मुलाला नीट सांगता आली पाहिजे. आणि ती सांगताना त्याने शेजारच्या मित्राच्या आजीचे ऐकलेही पाहिजे.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात शिष्य मोठेपणाविषयी विचारतात, तेव्हा प्रभू एका लहान मुलाला बोलावून त्यांच्या मध्यभागी उभे करतो. त्या मुलाचे नाव, गाव, कूळ काहीच आपल्याला सांगितलेले नाही. त्याने उत्तम पाठांतर केले म्हणून त्याला मध्यभागी बोलावले, असेही नाही. आपल्या शाळांत मध्यभागी कोण उभे असते? बहुधा बक्षीस मिळविलेले मूल, नाटकात मरियेचे काम मिळालेले मूल, देणगीदाराचे मूल. शुक्रवारी पोट दुखणारे मूल मध्यभागी येईल, तेव्हा शाळेने आपला ऋतू पाळला, असे म्हणता येईल.

५. पुनरुत्थान : अर्धवट राहणारा सण

शेवटी एका उणिवेकडे लक्ष वेधावेसे वाटते. पुनरुत्थानाचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो. नेमकी तीच वार्षिक परीक्षेची आणि तिच्या तयारीची धांदल. त्यामुळे शाळांत उपवासकाळ मनापासून पाळला जातो, क्रुसाची वाटही होते. परंतु पुनरुत्थानानंतरचा पन्नास दिवसांचा आनंदकाळ शाळेच्या वाट्याला फारसा येतच नाही. मुलांच्या मनावर त्याग ठसतो, त्याचे फळ मात्र त्यांना दिसत नाही.

यासाठी मोठा समारंभ नको. सणानंतर शाळा जेवढे दिवस भरेल, त्यांतील एका परिपाठात दहा मिनिटे काढावीत आणि मुलांना सांगावे की, तुमच्या पेटीतील नाणी कोठे गेली, त्यांतून काय घेतले गेले आणि ते कोणाच्या उपयोगी पडले. घेणाऱ्या माणसाचे नाव सांगू नये. त्याची लाज राखावी. वर्षभरात एकमेकांशी भांडलेल्या आणि पुन्हा जवळ आलेल्या मुलांना त्या दिवशी शेजारी बसू द्यावे. मृत्यूनंतर जीवन आहे, हे आठ वर्षांच्या मुलाला तत्त्वज्ञानाने पटत नाही. आपण सोडलेली वस्तू दुसऱ्या कोणाच्या ओंजळीत जिवंत झाली, हे मात्र त्याला पटते.

१९१० साली पोप दहावे पायस यांनी मुलांना साधारण सातव्या वर्षी, विवेक जागा झाल्यावर, प्रथम ख्रिस्तप्रसाद द्यावा असे ठरविले. त्यापूर्वी अनेक देशांत मुलांना पुष्कळ मोठे होईपर्यंत थांबावे लागे. सात वर्षांचे मूल साधी भाकर आणि ही भाकर यांतील भेद जाणू शकते, असा विश्वास ख्रिस्तसभेने त्या निर्णयाने दाखविला. तेच मूल फळ्यावरील रकाने आणि दाराशी ठेवलेली पेटी यांतील भेदही जाणते. आपण बोललो नाही, तरी ते जाणते.

म्हणून शिक्षकहो आणि पालकहो, यंदा आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लावताना सजावटीआधी एका गोष्टीची तयारी करू या. मूल विचारील. त्या वेळी आपल्यापाशी उत्तर असावे, आणि ते उत्तर जूनपासून आपल्या वागण्यात दिसत आलेले असावे.

मनन आणि चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत किंवा धर्मग्रामात मुलांकडून होणारे दान सर्वांसमोर मोजले जाते काय? ते न मोजता घेण्याचा एखादा मार्ग सुचवा.

२. गेल्या वर्षभरात एखाद्या सणाविषयी आपल्या मुलाने काय विचारले? आपण काय उत्तर दिले? आज तेच उत्तर द्याल काय?

३. आपल्या मुलाच्या वर्गातील अन्य धर्मीय मित्र घरी कोणते व्रत पाळतात, हे आपल्याला ठाऊक आहे काय?

४. आपल्या शाळेतील मावशी, शिपाई आणि सफाई कामगार यांना नाताळाच्या कार्यक्रमात कोणते स्थान असते?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू लहान मुलाला मध्यभागी उभे केलेस. आमच्या शाळांत जे मूल मागे राहिले आहे, ते आम्हांला दाखव. आमच्या सणांतून दिखाऊपणा काढून टाक. मुले आम्हांला विचारतील, तेव्हा खरे सांगण्याचे धैर्य दे. आणि चूक झाली असेल, तर फळा पुसण्याची नम्रता दे. आमेन.